‘चढता कांदा’ : एक फसवे नाव व एका कंदाची जोपासना

वनस्पतिशास्त्रात जिला बोविया व्होल्युबिलिस म्हणतात, ती मूळची दक्षिण व पूर्व आफ्रिकेतील. केप प्रांतात वनस्पती गोळा करणाऱ्या जेम्स बोवी याच्या स्मरणार्थ तिचे प्रजातिनाम योजण्यात आले व १८६७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ‘व्होल्युबिलिस’ म्हणजे वेढे घेत जाणारी. इंग्रजीत तिला ‘क्लाइंबिंग ओनियन’ म्हणतात. त्याचे ‘चढता कांदा’ हे भाषांतर कोणासही सहज सुचेल. प्रस्तुत लेखकास ते सुचले, आणि त्यापायी पहिला कंद गमवावा लागला. एका कुंडीविषयी भाषेच्या अभ्यासकाने लिहावे याचे निमित्त एवढेच.

बियाण्यासाठी कांदा लावतात तेव्हा तो मातीने झाकून टाकतात. नावावर विसंबून मीही तसेच केले; महिन्याभरात कंद कुजला. वस्तुतः हा फिकट हिरवा, मांसल कंद मातीच्या पृष्ठभागावर बसतो. खालचा तिसरा हिस्सा, फार तर अर्धा, मातीत असावा. माती जाडसर वाळू व बारीक खडी घातलेली, पाणी क्षणात निथळेल अशी हवी. बाहेरची शल्के वाळून कागदासारखी होतात ती सोलू नयेत. कडक उन्हापासून कंदाचे रक्षण तीच करतात. मूळ स्थानी कंद झुडपाच्या अथवा खडकाच्या सावलीत असतो आणि खोड मात्र झुडपातून वाट काढीत उजेडाकडे जाते. म्हणून कंदास सावली व खोडास प्रकाश, अशी व्यवस्था करावी.

हे खोड मोठे विलक्षण आहे. पाने नावापुरती येतात व लवकर गळून जातात. अन्न तयार करण्याचे काम अनेक फाटे फुटलेला हा हिरवा फुलोराच करतो. आधारास सुतळी बांधली की एका हंगामात तो माणसाच्या उंचीपलीकडे सहज जातो.

पाण्याचे वेळापत्रक विचारणाऱ्यास सरळ उत्तर देता येत नाही. या जातीच्या दोन उपजातींपैकी पूर्वेकडील उपजाती उन्हाळी पावसावर वाढते, तर पश्चिमेकडील रुक्ष प्रदेशातील ‘गारिपेन्सिस’ हिवाळ्यात वाढते. शिवाय दक्षिण गोलार्धातील उन्हाळा तो आपला हिवाळा. तेव्हा पंचांग बाजूस ठेवून कंदाच्या शेंड्याकडे पाहावे. हिरवा कोंब दिसला की पाणी सुरू करावे व माती सुकल्यावरच पुन्हा द्यावे. खोड पिवळे पडू लागले की थांबवावे. विश्रांतीच्या काळात कंद किंचित आक्रसतो, त्याने घाबरून जाऊ नये. आपल्या पावसाळ्यात कंद निजलेला असेल तर कुंडी वळचणीखाली हलवावी.

परंतु नावाची खरी फसवणूक पुढेच आहे. हा कंद विषारी आहे. हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे त्यात असतात. तो खाण्यात आल्यास जिवावर बेतू शकते. कांदालसणाचे कुल निराळे. ही वनस्पती शतावरीच्या कुलातली, आणि आपल्या कोकणातील कोळकांद्याची जवळची आप्त. त्या कोळकांद्यातही अशीच द्रव्ये आहेत. त्यास मराठीत रानकांदाही म्हणतात, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. ‘रान’ हे पूर्वपद केवळ वसतिस्थान सांगत नाही. दिसण्यात ओळखीचे, पण घरातले समजू नये, असा इशाराही ते देते. ‘चढता’ हे विशेषण फक्त चाल वर्णन करते व ‘कांदा’ या पदाचा स्वयंपाकघराशी असलेला संबंध तसाच ठेवते. म्हणून माझ्या कुंडीवरील चिठ्ठीवर आता ‘चढता रानकांदा’ असे लिहिले आहे. नवागतास घरच्या आप्ताचे नाव मिळाले याचा वनस्पतिशास्त्रज्ञांनी राग मानू नये. तरीही मुले व पाळीव जनावरे यांच्या हाती तो लागणार नाही अशा जागीच कुंडी असावी, आणि कंद हाताळल्यावर हात धुवावेत.

दक्षिण आफ्रिकेत पारंपरिक औषधासाठी हे कंद रानातून मोठ्या प्रमाणावर उपटले जातात व त्यामुळे ते विरळ होत चालले आहेत. म्हणून रानातून आणलेला कंद विकत घेऊ नये. बियांपासून रोपे होतातच. पण कंदाचे एखादे रसदार शल्क अलगद काढून कोरडसर वाळूवर ठेवले तरी त्याच्या बुडाशी इवले कंद धरतात. माझा सध्याचा कंद एका सहकाऱ्याने दिलेल्या अशाच एका शल्काचा आहे.