सुट्या मालावर उभी राहिलेली कंपनी

भारतातील बहुतेक ट्रकमालकांकडे पाचपेक्षा जास्त गाड्या नसतात. कर्नाटकातील गदग येथे १९७६ साली एका ट्रकवर सुरू झालेली विजयानंद रोडलाइन्स, म्हणजेच आजची व्हीआरएल लॉजिस्टिक्स, हा या चित्रातला ठळक अपवाद आहे. मुंबई-बंगळूर महामार्गावर साताऱ्यापासून बेळगावपर्यंत या कंपनीच्या गाड्या नेहमीच्याच झाल्या आहेत.

संस्थापक विजय संकेश्वर यांचे घराणे छपाई आणि प्रकाशनाच्या व्यवसायातले. वाहतुकीचा वारसा नव्हता. पुढे कारभार हुबळीला आला. मुंबई आणि बंगळूर यांच्या मधल्या टापूतली ही बाजारपेठ दोन्ही दिशांना माल देणारी असल्याने जागा सोयीची ठरली. १९८३ मध्ये व्यवसायाची खासगी मर्यादित कंपनी झाली.

वाढीचे मुख्य कारण मालाच्या निवडीत आहे. पूर्ण गाडीचा माल एकाच व्यापाऱ्याचा असतो. भाड्याची घासाघीस तोच करतो आणि परतीचा माल न मिळाल्यास गाडी रिकामी धावते. कंपनीने निवडला सुटा माल. त्यात एका गाडीत शेकडो ग्राहकांची खोकी, गाठी आणि पोती भरली जातात. दर किलोमागे भाडे जास्त मिळते आणि एखाद्या ग्राहकाच्या जाण्याने धंदा बसत नाही. मात्र त्यासाठी गावोगावी शाखा, बुकिंग आणि डिलिव्हरीची गोडाऊने, हमाल आणि माल उतरवून दिशेनुसार पुन्हा भरणारी मोठी केंद्रे लागतात. हे जाळे विणायला वर्षे लागतात, म्हणूनच एक-दोन गाड्यांच्या मालकाला या धंद्यात शिरणे अवघड जाते.

दुसरा निर्णय मालकीचा. अनेक मोठ्या वाहतूक कंपन्या भाड्याच्या गाड्यांवर चालतात. व्हीआरएलने बहुतांश गाड्या स्वतःच्या ठेवल्या आणि हुबळीजवळ वरूर येथे दुरुस्ती व बॉडीबांधणीची कार्यशाळा उभारली. जुनी गाडी घरच्याच मिस्त्रींच्या हातून धडधाकट राहिली, की कर्ज फिटल्यानंतरही ती वर्षानुवर्षे कमाई करते. या पद्धतीत भांडवल अडकते आणि मंदीत उभ्या गाडीचा खर्च अंगावर येतो. पण हंगामात भाड्याच्या गाड्यांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

१९९६ मध्ये कंपनी प्रवासी बससेवेत उतरली. त्याच वर्षी संकेश्वर धारवाड उत्तरमधून लोकसभेवर निवडून गेले. घराण्याने ‘विजय कर्नाटक’ हे कन्नड दैनिक काढले, २००६ मध्ये ते टाइम्स समूहाला विकले आणि २०१२ मध्ये ‘विजयवाणी’ सुरू केले. कंपनीने पवनऊर्जेतही पैसा घातला. दरम्यान पुत्र आनंद संकेश्वर व्यवस्थापकीय संचालक झाले. एप्रिल २०१५ मध्ये समभाग २०५ रुपयांना बाजारात आले, तरी निम्म्याहून अधिक भांडवल घराण्याकडेच राहिले. पुढे कंपनीने पवनऊर्जा विकली, बससेवा घराण्याच्याच दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि लक्ष पुन्हा मालवाहतुकीवर केंद्रित झाले.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. २०१८ पासून ई-वे बिल आले. बिनबिलाच्या मालावर चालणाऱ्या वाहतूकदारांची अडचण झाली, तर चोख कागदपत्रे ठेवणाऱ्या कंपन्यांना वाव मिळाला. विजय संकेश्वर यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ट्रक कर्ज काढून कोणालाही घेता येतो. व्हीआरएलची खरी कमाई ट्रकमागच्या शाखा, गोडाऊने आणि कार्यशाळेत आहे. घराण्याने अनेक दशके गुंतवणूक केली ती मुख्यतः याच व्यवस्थेत.