एका गिटारीतून दोन नाद : रचना, विद्युत्-मंडल व सागवान

विद्युत्-गिटार व पोकळ अंगाची साधी गिटार यांचे नाद एकाच वाद्यातून मिळावेत, ही अपेक्षा जुनी आहे. सुट्या भागांचे संच मिळू लागल्यापासून हा प्रश्न कारागिरांपुरता न राहता विद्यार्थ्यांच्याही हाती आला आहे. संचातील अंग, दांडी, खुंट्या व घोडी जुळविणे फारसे अवघड नसते. अडचण येते ती दोन नादांचा मेळ घालताना. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. आलापल्लीचा नामांकित साग याच वनप्रदेशातला असल्याने, संचातील अंगाऐवजी सागाचेच अंग का घडवू नये, असा विचार सहज सुचतो. दोन नादांपैकी कोणता लाकडावर अवलंबून असतो व कोणता नाही, हे प्रथम समजून घेतल्यास दोन्ही प्रश्न सुटतात.

ताणलेली तार स्वतः फार थोडी हवा हलविते. साध्या गिटारीत तारेचे कंपन घोडीवाटे पातळ फळीस व फळीवाटे पोकळीतील हवेस पोचते. परधानांच्या किंगरीचे पोकळ अंगही याच तत्त्वावर बोलते. गिटारीच्या पोकळीतील हवा सेकंदास सुमारे १०० कंपनांच्या, तर वरची फळी सुमारे २०० कंपनांच्या आसपास विशेष प्रतिसाद देते. या अनुस्पंदनांमुळेच साध्या गिटारीच्या नादास भरीवपणा येतो. विद्युत्-गिटारीचे अंग बहुधा भरीव असते. तेथे कंपन टिपण्याचे काम पिकअप नावाचे साधन करते.

पिकअप मुख्यतः दोन प्रकारचे असतात. जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या चुंबकीय पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्-दाब निर्माण होतो. हा पिकअप तारेचा वेग टिपतो, आणि तोही केवळ आपल्या माथ्यावरील तेवढ्याच भागाचा. दुसरा प्रकार दाबविद्युत् पिकअपचा होय. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्-भार प्रकटतो, हे प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. अशा पदार्थाची पट्टी घोडीखाली बसविली म्हणजे तार घोडीवर जो बदलता जोर लावते तो थेट टिपला जातो. तार पोलादाचीच असली पाहिजे, असे बंधन येथे नाही. या दोन्ही साधनांचा संयोग केन पार्कर यांच्या १९९३ मध्ये बाजारात आलेल्या पार्कर फ्लाय या गिटारीत आढळतो.

संच जोडणाऱ्यांची नेहमीची चूक विद्युत्-मंडलात होते. चुंबकीय पिकअपसाठी असलेल्या आवाजाच्या नियंत्रकास, म्हणजे २५० ते ५०० किलोओमच्या पोटेन्शियोमीटरला, दाबविद्युत् पट्टीही सरळ डाखली जाते. मग नाद पातळ व कर्कश निघाला की दोष पट्टीला किंवा लाकडाला दिला जातो. वस्तुतः कारण गणिताने स्पष्ट होते. ही पट्टी धारित्रासारखी वागते. तिची धारणा ५०० पिकोफॅरड धरली व तिला ५०० किलोओमचा रोध जोडला, तर सेकंदास सुमारे ६४० कंपनांखालील सूर क्रमशः क्षीण होत जातात. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ८२ कंपने करते, म्हणजे खर्जाचा सारा भाग हातचा जातो. रोध १० मेगाओमचा केल्यास हीच मर्यादा सुमारे ३२ वर उतरते व खर्ज शाबूत राहतो. म्हणून पट्टीलगतच उच्च अंतर्गामी संरोधाचे, लहान विद्युत्-घटावर चालणारे प्रीॲम्प बसविणे अनिवार्य ठरते. दोन्ही संकेतांचे मिश्रण त्यानंतरच करावे. शक्यतो ते स्वतंत्र मार्गांनी बाहेर काढावेत, हे अधिक चांगले. विद्युत्-गिटारीच्या ॲम्प्लिफायरचा ध्वनिक्षेपक अतिउच्च सूर दाबून टाकतो. चुंबकीय नादास ते मानवते, साध्या गिटारीच्या नादास मानवत नाही.

आता लाकडाचा विचार. नाद-फळीसाठी लाकूड हलके पण ताठ असावे लागते. लाकडातील ध्वनिवेगास घनतेने भागले असता येणारा अंक या गुणाचे माप समजला जातो. स्प्रूसची घनता प्रतिघनमीटर सुमारे ४३० किलोग्रॅम, तर सागाची सुमारे ६५० असते. त्यामुळे सागाचा हा अंक स्प्रूसच्या जवळजवळ निम्माच येतो. नाद-फळीसाठी साग गौण ठरतो तो यामुळेच. भरीव अंगाची गोष्ट वेगळी आहे. तेथे लाकडाने हवा हलवावयाची नसून तारांचा ताण सोसत आकार राखावयाचा असतो. चंद्रपूरचा कडक उन्हाळा व त्यामागून येणारा दमट पावसाळा लक्षात घेता, ऋतुमानाने फारसे न आकसणारे सागवान या कामास उत्तम होय. मात्र त्यातील तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. चिकटविण्याचे पृष्ठभाग ऐनवेळी द्रावकाने पुसून घ्यावे लागतात. वजन कमी करण्यासाठी अंगात आतून कप्पे कोरता येतात. साग हा नियंत्रित वनोपज असल्याने तो अधिकृत आगारातून, वाहतूक परवान्यासह घेणे आवश्यक आहे. बल्लारपूरचे आगार यासाठी प्रसिद्ध असून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी येथूनच सागवान रवाना झाले.

तथापि एवढे करूनही भरीव सागवानी गिटार पोकळ गिटार होत नाही. दाबविद्युत् पट्टी घोडीवरील जोर टिपते. जी पोकळी अस्तित्वातच नाही तिचे अनुस्पंदन ती टिपू शकत नाही. ती उणीव सूरनियंत्रकाने, किंवा खऱ्या पोकळ गिटारीच्या मोजलेल्या प्रतिसादाचे अंकीय संस्करण करून, काही अंशी भरून काढता येते. याउलट किंगरीसारख्या वाद्यात पोकळी मुळातच असते. तिला केसांची वा आतड्याची तार असेल तर चुंबकीय पिकअप तेथे निरुपयोगी ठरतो, पण घोडीखालची पट्टी व १० मेगाओमचे प्रीॲम्प तिचा आवाज मोठ्या सभेपर्यंत पोचवू शकतात. गिटारीच्या संचावर गिरविलेला हा धडा याच प्रदेशातील जुन्या वाद्याच्या अधिक उपयोगी पडावा, असा आहे.