एका कंदाचे मोल

फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बागांत काही माणसे ओल्या मातीत गुडघे टेकून स्नोड्रॉपच्या फुलात डोकावताना दिसतात. लांबून सगळी फुले सारखीच पांढरी. फरक आत असतो. तीन मोठ्या पाकळ्यांच्या आड तीन लहान पाकळ्या असतात आणि त्यांवर बहुधा हिरवी खूण असते. ही खूण पिवळी निघाली की शौकिनांचे डोळे चमकतात.

केंब्रिजजवळच्या वँडलबरीत असेच पिवळ्या खुणेचे फूल सापडले. तिथल्या राखणदाराच्या पत्नीवरून त्याला ‘वेंडीज गोल्ड’ हे नाव मिळाले. मात्र वेगळेपण दरवर्षी टिकले, तरच नाव देण्यात अर्थ.

बियांपासून हुबेहूब तेच फूल मिळेल याची खात्री नसते. म्हणून कंदाचे उभे काप करतात. प्रत्येक कापाला तळाच्या चकतीचा तुकडा हवा; तिथेच नवे कंद धरतात. बुरशी लागली तर सारे कुजते. जगले तरी फुलायला काही वर्षे लागतात. त्यामुळेच नवा वाण महाग. २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’चा एक कंद १,३९० पौंडांना विकला गेला.

हौसेपायी रानातले कंद उपसले जाऊ नयेत, म्हणून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. हे जपणे केवळ शोभेसाठी नाही. अल्झायमरच्या लक्षणांवर दिले जाणारे गॅलँटामाइन हे द्रव्य स्नोड्रॉपमध्ये सापडते. कंद मात्र विषारी. कांदा समजून खाल्ला तर उलट्या, जुलाब ठरलेले.