इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजींतच कां सांगावा?

घरोघरच्या मुलांचें इंग्रजी ज्या वह्यांतून तयार झालें, त्या वह्यांच्या पानावर मधोमध एक उभी रेघ असे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. 'टेक' म्हणजे घेणें, 'लुक' म्हणजे पाहणें, 'पुट' म्हणजे ठेवणें. असे हजार दोन हजार शब्द तोंडपाठ केलेला हुशार विद्यार्थी एखादें साधें इंग्रजी पत्र हातांत घेतो, आणि 'टेक प्लेस' या दोन शब्दांशीं अडतो. घेणें ठाऊक आहे, जागाही ठाऊक आहे. पण सभा कोणाची जागा घेणार? तेथें सभा 'होणार' एवढाच अर्थ असतो. 'लुक आफ्टर' यांत पाहणेंही नाहीं आणि मागूनही नाहीं, सांभाळणें आहे. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें, आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणें सोसणें. वहीतील तिन्ही शब्द बरोबर असून वाक्य मात्र हातीं लागत नाहीं.

हा इंग्रजीचाच खोडसाळपणा आहे असें कोणी समजूं नये. 'हात' या शब्दाचा अर्थ पाठ केलेल्या परक्या माणसानें आपले हात देणें, हात टेकणें आणि हात आखडणें कसें उलगडावें? डोळा लागला म्हणजे झोंप आली, आणि डोळे आले म्हणजे वैद्याकडे जावयाचें, हें त्यास कोणता शब्दार्थ सांगणार? शिवाय सुट्या शब्दांतही जोड्या नेमक्या जुळत नाहींत. 'हाउस' म्हणजे घर आणि 'होम' म्हणजेही घर. परंतु रिकामें पडलेलें, विकावयास काढलेलें घर हें 'हाउस' असतें. ज्याची परगांवीं आठवण येते तें 'होम'. उभ्या रेघेच्या उजवीकडे हा भेद मावत नाहीं. तो सांगावयाचा तर एखादें वाक्य लिहावें लागतें, आणि असें वाक्य लिहिलें कीं त्यास व्याख्या म्हणतात.

इंग्रजी शब्दाची व्याख्या इंग्रजींतच करणारे कोश जुने आहेत. डॉक्टर जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश १७५५ सालचा. परंतु तो इंग्रजी जाणणाऱ्यांसाठीं होता, आणि जाळें या अर्थाच्या साध्या शब्दाची त्यांनीं केलेली व्याख्या इतक्या लॅटिन वळणाच्या शब्दांनीं भरलेली आहे कीं तिची आजही थट्टा होते. कोळ्याच्या पोरास जें कळतें तें विद्वानास सांगतां येऊं नये, ही गंमत खरी. पण नवशिक्यास ती गंमत वाटत नाहीं. एक शब्द पाहावयास गेलें तर चार नवे शब्द अंगावर येतात, ते पाहावे तर त्यांतील एक पुन्हा पहिल्याकडेच परत पाठवितो.

या चक्रव्यूहांतून वाट काढण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच देशांत झाला. मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधील गृहस्थ डाक्क्याच्या शिक्षक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्विभाषिक शिक्षणावरील त्यांचें पुस्तक १९२६ सालीं प्रसिद्ध झालें. बहुतेक मुलें शाळा मध्येंच सोडतात, मग तोंवर शिकलेल्या इंग्रजीपैकीं त्यांच्या हातीं उरतें काय, हा त्यांचा प्रश्न होता. विम्याचे हप्ते मध्येंच थांबविले तर जी रक्कम पदरांत पडते, तिचीच उपमा त्यांनीं या शिक्षणास दिली. आणि ती अचूक आहे. चार वर्षें व्याकरण घोकून पांचव्या वर्षीं वाचावयास लागणाऱ्या मुलानें चौथ्या वर्षीं शाळा सोडली तर त्याची रक्कम शून्य. म्हणून पहिल्यापासूनच वाचतां येईल अशीं, थोड्या व नित्याच्या शब्दांचीं पुस्तकें त्यांनीं तयार केलीं. १९३५ सालीं जेम्स एंडिकॉट यांच्यासह त्यांनीं जो कोश काढला, त्यांत सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचार केवळ १,४९० शब्दांत समजावून दिले होते. एवढे शब्द ज्यास येतात, त्याच्यासाठीं कोशाचें प्रत्येक दार उघडें.

त्याच सुमारास, १९३० मध्यें, सी. के. ऑग्डेन यांनीं अवघ्या ८५० शब्दांचें 'बेसिक इंग्लिश' पुढें मांडलें. त्याचा गाजावाजा फार झाला. क्रियापदें तर त्यांत दीड डझनच. पण शब्द मोजतांना येथें एक लबाडी नकळत होते. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तीन शब्द यादींत असले म्हणून 'पुट अप विथ' समजला असें होत नाहीं. शब्द थोडे झाले, तितके वाक्प्रचार वाढले. आणि परक्यास जड जातात ते वाक्प्रचारच.

हें मर्म ए. एस. हॉर्न्बी यांनीं ओळखलें होतें. १९२४ पासून ते जपानांत इंग्रजी शिकवीत होते. विद्यार्थी शब्दाचा अर्थ जाणून असतो, पण तो वाक्यांत बसवितांना चुकतो, हा त्यांचा रोजचा अनुभव. गेटन्बी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनीं कोश रचला. डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरल्यावर हॉर्न्बी नजरकैदेंत पडले. १९४२ मध्यें ते स्वदेशीं परतले आणि त्याच वर्षीं तोकिओंत त्यांचा कोश प्रसिद्ध झाला. १९४८ मध्यें ऑक्सफर्डच्या छापखान्यानें तो पुन्हा काढला. भारतांतील कित्येक घरांतील कपाटांत त्याच्या पुढील आवृत्त्या आजही दिसतात. या कोशानें अर्थाबरोबर क्रियापदाच्या वाक्यरचनेचा नमुनाही दिला, आणि मोजतां येणारीं नामें व न येणारीं नामें निरनिराळीं दाखविलीं. मराठी माणसास याचा उपयोग किती, हें त्याच्या चुकाच सांगतात. 'मला समजावा' यावरून तो 'एक्सप्लेन मी' म्हणतो. 'विषयावर चर्चा' यावरून 'डिस्कस'च्या पुढें 'अबाउट' जोडतो. आणि सल्ले अनेक असतात म्हणून 'ॲडव्हाइस'चें अनेकवचन करतो. यांतील एकही चूक शब्दार्थाच्या अज्ञानाची नाहीं.

व्याख्येचा हा आग्रह सर्वत्र मात्र चालवूं नये. 'स्पॅरो' म्हणजे एक लहान, करड्या तपकिरी रंगाचा पक्षी, असें सांगून मुलास दहा पक्ष्यांत फिरविण्यापेक्षां 'चिमणी' म्हणावें आणि मोकळें व्हावें. जेथें वस्तु एकच आहे तेथें मराठी शब्दासारखा सोबती नाहीं. उलट शिष्टाचाराच्या बोलण्यांत अर्थापेक्षां प्रसंग सांगावा लागतो. 'आय ॲम अफ्रेड' असें म्हणून कारकून जागा शिल्लक नसल्याचें सांगतो, तेव्हां त्यास भीति मुळींच वाटत नसते. नकार मऊ करण्याची ती रीति आहे. 'आय बेग युअर पार्डन' हें पुष्कळदां क्षमायाचन नसून 'पुन्हा सांगतां का' एवढेंच असतें. 'हाउ डू यू डू' याचें उत्तर प्रकृतीचा वृत्तान्त नव्हे; तेंच शब्द उलट म्हणावयाचे. अशा ठिकाणीं कोण, कोणास, केव्हां म्हणतो, हीच व्याख्या.

पुढील कोशकारांनीं हीच दिशा धरली. लाँगमनच्या १९७८ च्या कोशानें सुमारें २,००० शब्दांची मर्यादा पाळली. १९८७ मध्यें बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेल्या 'कोबिल्ड' कोशानें तर व्याख्याच पूर्ण वाक्यांत दिल्या: अमुक गोष्ट तुम्ही 'पोस्टपोन' करतां, तेव्हां ती ठरल्या वेळेनंतर करावयाचें ठरवितां, अशा धर्तीच्या. त्यामुळें शब्दाचा अर्थ आणि त्याची वाक्यांतील जागा एकदमच कळते.

श्रोत्यांनीं घरीं याचा उलट प्रयोग करून पाहावा. मोल्सवर्थ यांनीं १८३१ सालच्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशांत हाच व्याप केला होता. कारण आपल्या शेंकडों शब्दांस इंग्रजींत जोडीदारच नाहीं. 'उष्टें' हा शब्द घ्यावा. मुलानें तो अगदीं सोप्या इंग्रजींत, ज्यास आपल्या घरांतील रीत ठाऊक नाहीं अशा माणसास समजावून द्यावा. 'उरलेलें अन्न' म्हटलें तर पातेल्यांतील भात उष्टा ठरतो. 'घाणेरडें' म्हटलें तर आईनें बाळाच्या ताटांतलें खाल्लें, तें घाणेरडें होतें काय? शेवटीं तें मूल, ज्यास दुसऱ्या कोणाचें तोंड लागलें आहे असें अन्न, येथपर्यंत येतें. मग आजी तेवढ्यांत विचारते, पेल्याचें काय? तें जमलें कीं 'ओवाळणें' घ्यावें.