वीजबिल कमी करायचे असेल तर आधी छपराकडे बघा

मे महिना लागला की मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, दिघी या भागातील मोहल्ल्यांत बंद घरे उघडू लागतात. मुंबईची मंडळी येतात, कुवेत-सौदीहून रजेवर आलेले येतात, लग्ने निघतात आणि त्यांच्याबरोबर घरदुरुस्तीही निघते. मिस्त्री, सुतार, वायरमन यांना या दिवसांत बोलायलाही फुरसत नसते, कारण पावसाच्या आत छप्पर झाकून द्यायचे असते. अलीकडे दुरुस्तीच्या यादीत एका नव्या कामाची भर पडली आहे : छपरावर सोलर बसवायचे. सरकार ७८ हजार रुपये देते आणि बिल शून्य होते, असे कोणीतरी सांगितलेले असते.

हे करावे की नाही, असे आमच्या ओळखीचे दुकानदार आणि कारागीर विचारतात. आमचे उत्तर असे की करावे, पण सर्वात शेवटी. आधी घरात उन्हाचा ताप कोठून शिरतो ते बघावे, मग पंखे व फ्रीज बघावेत, मग घराचे कागद, आणि नंतर सोलर. हा क्रम उलटा केला तर अनुदान मिळूनही गाठीचा पैसा वाया जातो.

स्लॅबचा ताप

आपल्या वाडवडिलांची घरे जांभ्याच्या चिऱ्याची, जाड भिंतींची आणि वर मंगलोरी कौलांची. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई, खाली लाकडी माळा असे, त्यामुळे छपराचा ताप माजघरात पोहोचत नसे. पुढे आखाती देशांतला पैसा आला आणि कौले उतरवून स्लॅब पडले. स्लॅबमुळे पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याची कटकट गेली, वरचा मजला चढवता आला, हे खरेच. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि तेच रात्री खालच्या खोलीत सोडतो. म्हणून रात्री दहा वाजता बाहेर समुद्राचा वारा सुटलेला असतो आणि वरच्या खोलीत मात्र झोप लागत नाही. मग एसी येतो. जुना दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. रोज सहा तास चालला तर महिन्याला २७० युनिट झाले. घर बांधताना जी गोष्ट राहून गेली तिचा भुर्दंड असा दर महिन्याला भरावा लागतो.

यावर सर्वात स्वस्त उपाय चुन्याचा. गच्ची घासून, धुऊन, डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात उन्हाळ्याच्या तोंडावर मारावेत. पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो. आमच्या एका नातलगाने म्हसळा तालुक्यातील घरावर हे केले तेव्हा शेजारी हसले होते. दुसऱ्या वर्षी त्याच शेजाऱ्याने चुन्याची गोणी आणली. पावसात चुना धुऊन जातो, म्हणजे दरवर्षी हे काम आले. ज्यांना एकदाच खर्च करायचा आहे त्यांनी गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक करून घ्यावे. त्याने गळतीलाही आळा बसतो.

तिसरा उपाय आपल्याकडे आधीच सर्वत्र दिसतो, तो म्हणजे स्लॅबवर पत्र्याची शेड. लोक ती पावसासाठी करतात, पण उन्हासाठीही ती तितकीच उपयोगी आहे, कारण स्लॅबवर सावली पडते. मात्र पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळला पाहिजे. काही जण चारही बाजू पत्र्यानेच बंद करून सामानाची खोली करतात. मग तीच भट्टी होते. रंगही निळ्यापेक्षा पांढरा किंवा फिक्कट घ्यावा. वेल्डरला सांगून अँगल व हुक मजबूत करून घ्यावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागले तेव्हा उडालेले पत्रे नारळ-सुपारीच्या वाड्यांत जाऊन पडले होते. ज्यांनी त्या वेळी घाईघाईने पुन्हा शेड उभी केली त्यांनी एकदा वर चढून नटबोल्ट तपासावेत. खाऱ्या हवेत साधा बोल्ट फार वर्षे टिकत नाही.

पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा नसेल तर तोही करून घ्यावा. दुपारनंतरचे ऊन तिथूनच शिरते. भिंतीच्या वरच्या अंगाला झरोका ठेवला तर साठलेली गरम हवा निघून जाते. जुन्या घरांत हे असायचे, नव्या घरांत मिस्त्री विचारतही नाही आणि मालक सांगतही नाही.

या कामांना सरकारी मदत मिळते का? थेट नाही. प्रधानमंत्री आवास योजना आहे, पण ती ज्यांना पक्के घर नाही त्यांच्यासाठी. ज्यांचे नातलग ब्रिटनमध्ये आहेत त्यांनी ऐकले असेल की तिकडे भिंतींत आणि माळ्यावर ऊब धरून ठेवणारा थर भरण्यासाठी सरकारी योजना आहेत. तिकडे थंडी बाहेर ठेवायची असते, आपल्याकडे ऊन. आपल्याकडे अनुदान आहे ते वीज तयार करण्याला. वीज वाचवण्याचे काम ज्याचे त्याने करायचे.

पंख्याचा हिशेब

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला १०८ युनिट होतात. हल्ली बाजारात मिळणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. तेच चार पंखे तेवढेच तास चालले तर ४३ युनिट. म्हणजे ६५ युनिट वाचले. या ६५ युनिटचे महत्त्व बिलाच्या टप्प्यांत आहे. महावितरणच्या (आपल्याकडे अजून एमएसईबीच म्हणतात, जरी त्या मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले) घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटचा दर एक, आणि १०१ ते ३०० युनिटचा दर त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे वाचलेले प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यातून कमी होते. दीडशे युनिटवाले घर नव्वदवर आले तर बिल जवळपास निम्म्यावर येऊ शकते. जुना फ्रीज, त्यातही रबर सैल झालेला, हा दुसरा चोर. नवा घेताना ताऱ्यांचे लेबल बघावे, आणि ते कोणत्या वर्षाचे आहे तेही बघावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात. जुन्या वर्षाचा पंचतारांकित माल नव्या मापाने तीन ताऱ्यांचाही निघू शकतो.

घरातूनच धंदा करणाऱ्यांसाठी एक माहिती. शिवणकाम किंवा तत्सम कारागिरी घराच्या एका भागात चालत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकानुसार घरगुती दरच लागतो. काही कारागीर भीतीपोटी व्यापारी मीटर घेऊन बसले आहेत. त्यांनी आपला वापर तपासून घ्यावा.

सोलरचे अनुदान

केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. तिच्यात एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार, आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात. पाच किलोवॅट बसवले तरी ७८ हजारच. एक किलोवॅटला गच्चीवर साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. तीन किलोवॅटचा खर्च दीड ते दोन लाखांच्या घरात जातो.

आता वरचा हिशेब पुन्हा बघा. ज्या घराने चुना मारला, पंखे बदलले आणि दीडशेवरून नव्वद युनिटवर आले, त्याला एक किलोवॅट पुरते. ज्याने काहीच न करता एसी चालू ठेवला त्याला तीन लागतात. ७८ हजारांच्या मोहाने तीन किलोवॅट बसवणाऱ्याच्या खिशातून जे लाखभर जातात त्याकडे कोणी बघत नाही. जादा वीज नेटमीटरमधून महावितरणकडे जमा होते आणि पुढच्या बिलात वळती होते, पण वर्षअखेर उरलेल्या युनिटचा मोबदला अगदी किरकोळ असतो. तो धंदा नव्हे.

महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये राज्य सरकारने एक किलोवॅटवर वेगळी भर घातली : दारिद्र्यरेषेखालील घराला १७,५०० रुपये, इतर सर्वसाधारण घराला १० हजार. एक किलोवॅटचा खर्च ५० हजार धरला तर पहिल्याला अडीच हजार आणि दुसऱ्याला दहा हजार रुपये घालावे लागतात. म्हणजे वापर कमी करणाऱ्याला इथेही फायदा आहे.

दुकानाच्या व्यापारी मीटरला हे अनुदान नाही; ते फक्त घरगुती जोडणीला आहे. दुकान खाली आणि घर वर असेल तर घराच्या मीटरवर अर्ज करावा. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच हवे आणि काम योजनेत नोंद असलेल्या विक्रेत्याकडूनच करून घ्यायचे, नाहीतर अनुदान अडते. रक्कम काम पूर्ण होऊन, नेटमीटर बसून, तपासणी झाल्यावर बँक खात्यात येते. म्हणून पैसे आधी स्वतःचे घालावे लागतात. बँका यासाठी विनातारण कर्ज देतात, पण ज्यांना व्याज नको आहे त्यांनी एक किलोवॅटपासून सुरुवात करणे बरे. पुढे वाढवता येते.

बिल कोणाच्या नावावर?

आपल्या भागातील खरी अडचण पैशाची नाही, कागदाची आहे. बिल आजोबांच्या नावावर, घरपट्टी थोरल्या चुलत्यांच्या नावावर, दोघेही हयात नाहीत. वारस पाच : एक मुंब्र्याला, दोन आखातात, एक बहीण सासरी, आणि एक गावात, जो खरोखर त्या घरात राहतो आणि बिल भरतो. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि अनुदानही अर्जदाराच्याच खात्यात जाते. मयत माणसाचे खाते कोठून आणणार? आमच्या माहितीतल्या एका घरात विक्रेत्याने आगाऊ रक्कम घेतली, सांगाडा उभा केला, आणि मग नाव जुळत नाही म्हणून काम महिनोन्‌महिने थांबले. सांगाडा तेवढा गंजत राहिला.

तेव्हा अॅडव्हान्स देण्यापूर्वी बिलावरचे नाव बदलून घ्यावे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि इतर वारसांचे संमतिपत्र लागते. मे महिन्यात सारे भाऊ गावात असतात. सह्या घेण्याची हीच वेळ. बहिणींची संमतीही घ्यावी, त्यांचा हिस्सा आहे. संमती वीजबिलापुरती आहे, हिस्सा सोडल्याची नाही, हे त्या कागदावर साफ लिहावे. एवढे एक वाक्य लिहिले तर सही करायला कोणी मागेपुढे बघत नाही.

किनाऱ्यावरचे काम

सांगाडा चांगल्या जस्ताच्या थराचा किंवा अॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. घरावर माडाची किंवा आंब्याची सावली पडते का ते सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन वेळा बघावे. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या इतरांची वीज घटते. कौलांवर थेट भार देऊ नये, वाशांना पकडूनच सांगाडा बसवावा, आणि वासे किडलेले असतील तर आधी ते बदलावेत. खारट धूळ आणि पक्ष्यांची घाण यामुळे पॅनेल पंधरा दिवसांनी धुवावे लागते. विक्रेत्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते; ती लेखी घ्यावी, शक्यतो जवळच्या तालुक्यातला माणूस बघावा.

दोन गैरसमज मात्र फार पसरले आहेत. पहिला, बिल शून्य होते. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. दुसरा, वीज गेली तरी सोलरवर घर चालते. तारेवरची वीज गेली की साधे सोलर आपोआप बंद होते, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरातून उलटी वीज गेली तर त्याचा जीव जाईल. २०२० च्या वादळानंतर किनाऱ्यावरच्या गावांनी जे अंधाराचे दिवस काढले ते आठवून जे सोलर घेत आहेत, त्यांनी बॅटरी वेगळी घ्यावी लागते हे समजून घ्यावे. बॅटरीला अनुदान नाही.

आणि जे घर वर्षातून एकदा, मे महिन्यात किंवा ईदला उघडते त्यावर सोलर लावूच नये. त्या घराला चुना आणि पत्रा पुरे.

ज्यांना करायचे आहे त्यांनी सह्या आताच घ्याव्यात आणि पावसाळ्यात नावबदलाचा अर्ज मार्गी लावावा. जून ते सप्टेंबर तसेही ऊन कमी, वीज कमी. पाऊस संपला, गच्ची सुकली, मिस्त्री मोकळा झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पॅनेल चढवावे.