तरंगणारी हवा

उत्तर अमेरिकेत गळ टाकणारे लोक हरणाच्या केसांची, पाण्यावर तरंगणारी खोटी माशी बांधतात. पेन्सिलीएवढ्या जाडीचा जुडगा गळाच्या दांडीवर धरायचा, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि दोरा ताणायचा. दोऱ्याखालचे केस चेपतात, टोके ताठ उभी राहतात आणि जुडगा दांडीभोवती फिरून पसरतो. असे जुडगे एकाला एक ठासून बसवायचे, मग पात्याने छाटून त्यांना आकार द्यायचा. हे जमते, कारण केसाच्या पोटात हवेने भरलेल्या बारीक पेशी असतात. थंडीत हरणाला ऊब देणारी ती हवाच माशीला तरंगवते. माणसाचा केस तसा बांधून पाहा, नुसता गुंडाळला जाईल.

आपल्याकडे काळवीट आणि चिंकारा यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांच्या केसांचा विचारही नको. पण कोंडलेल्या हवेची ही युक्ती बीडच्या माणसाला नवी नाही. ज्वारीच्या धाटाचे भेंड घ्या. पोरे ज्याच्या बैलगाड्या करतात, तेच. पाण्यात टाकले की बुचासारखे तरंगते. मात्र साल काढलेले भेंड हळूहळू पाणी पिते आणि जड होते. सालीसकट तुकडा जास्त टिकतो.

मोरपिसाच्या दांड्यात या दोन्ही गोष्टी निसर्गानेच जुळवल्या आहेत: आत पांढरे भेंड, बाहेर पाणी न शिरू देणारे टणक कवच. चार-पाच इंचांचा तुकडा, त्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे कडे, त्यातून दोरा. खाली शिशाचा मणी इतकाच जड हवा, की काडीचे फक्त टोक पाण्यावर राहील. माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी टोक थरथरते. थर्मोकोलचा गोळा जास्त तरंगतो, आणि म्हणूनच मला तो निरुपयोगी वाटतो: हलकी ओढ त्याला कळतच नाही.

पाटोदा तालुक्यातल्या नायगावला 1994 पासून मोरांचे अभयारण्य आहे. पावसाळा सरता सरता मोर पिसारा गाळतो. गळलेले पीस जवळ बाळगायला कायद्याची आडकाठी नाही. निर्यातीला मात्र बंदी आहे. पीस उपटलेले असेल तर बुडाशी रक्तमांसाची खूण सापडते, गळालेल्याचे बूड स्वच्छ असते. विकत घेणाऱ्याने तेवढे पाहावेच. अभयारण्यातले पीस तर उचलूच नये. ते तिथल्या मातीचे.

मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि पुढे धनेगावच्या धरणात अडते. 2016 च्या उन्हाळ्यात ते धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मोरांनी त्याही वर्षी पिसे टाकलीच असणार. काडी टाकायला पाणी नव्हते.