कात्रजचा घाट

मी कात्रजला राहतो असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर मिस्कील हसू येतेच. १६६३ साली शाएस्तेखानावर छापा घातल्यावर महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधवून ते कात्रजच्या घाटाकडे पिटाळले, शत्रू त्या उजेडामागे धावला आणि महाराज भलत्याच वाटेने सिंहगडावर पोहोचले, अशी कथा सांगतात. तेव्हापासून चकवा देणे म्हणजे कात्रजचा घाट दाखवणे. हा वाक्प्रचार वर्गात मी अनेकदा समजावून दिला आहे. मात्र आपणच तो कुणावर चालवू, असे वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक आलाच. पण अंक संपल्यावर उरलेल्या सुटीत काय वाचायचे? म्हणून दर आश्विनात मी बसने अप्पा बळवंत चौकात जातो. तेथे एका चिंचोळ्या दुकानात एक वयस्क गृहस्थ बसतात. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांना पुस्तके पाठ आहेत, आणि पुस्तकांहून गिऱ्हाइके अधिक पाठ आहेत.

गेल्या वर्षी त्यांनी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' पुढे केली. म्हणाले, "सर, हिला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून देत नाही. तुमच्या वडिलांचं गाव पानशेतच्या धरणात गेलं ना? ही धरणग्रस्तांची कादंबरी आहे. त्यांना वाचून दाखवा."

गावाची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली होती, हे मलाच आठवेना! पाऊण तास पुस्तक चाळले, काकांचा चहा घेतला आणि "पुढच्या खेपेला नेतो" म्हणून उठलो. घरी येऊन तेच पुस्तक मोबाइलवरून मागवले. साठ रुपये वाचले.

वडिलांना रोज रात्री थोडे थोडे वाचून दाखवू लागलो. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपल्या बुडालेल्या गावातला गोठा, नदीकडची वाट, मागे सोडलेली जनावरे यांविषयी बोलू लागले. इतक्या वर्षांत ते प्रथमच बोलत होते. मग विचारले, "हे पुस्तक तुला कुणी सुचवलं रे?"

"एका दुकानदारांनी."

"त्यांना सांग हो, म्हाताऱ्याला आवडलं म्हणून."

कोणत्या तोंडाने सांगणार? वर्षभर मी त्या चौकातून खाली मान घालून जात होतो. यंदा मात्र धीर करून दुकानाची पायरी चढलो आणि सगळे कबूल केले. काका हसले. "अहो, कळलं होतं मला. तुमच्यासारखे बरेच येतात. पण वडिलांना आवडलं ना? झालं तर!" आणि लगेच फळीकडे वळले.

मला त्यांनी सुधीर रसाळांचे 'विंदांचे गद्यरूप' दिले. २०२४ सालचे अकादमीचे पारितोषिक त्याला आहे. धाकट्यासाठी भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' काढली. शेवटी देविदास सौदागर यांची 'उसवण' हाती ठेवली. "तयार कपड्यांनी धंदा बसलेल्या शिंप्याची गोष्ट. लेखकानं स्वतः शिवणकाम केलंय. माझ्याच धंद्याची समजा."

ते हसत होते. मला हसता आले नाही.

मी छापील किमतीचे पैसे मोजले, तर त्यांनी दहा टक्के परत केले. "सवलत मीही देतो, सर. तुम्ही कधी विचारलंतच नाही!"

वाचकहो, तुमच्याही गावात असे एखादे दुकान असेल. चाळायला जाल, तर पुस्तकही तेथूनच घ्या.

संध्याकाळी घरी आलो. वडील गॅलरीत बसले होते. पिशवीकडे न पाहता त्यांनी आधी विचारले, "सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं," मी म्हणालो.